वलयातील अतिथी

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणारी गाडी दुर्ग सोडून पुढे निघाली, की थोड्याच वेळात भिलाईची स्थानके एकामागून एक लागतात. त्यांपैकी एकाचे नाव पावर हाउस. स्थळाला नाव मिळावयाचे ते एखाद्या देवाचे, राजाचे किंवा फार तर एखाद्या वृक्षाचे, ही आपल्याकडील जुनी रीत. येथे मात्र ते वीजघराचे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, आणि 1956 मध्ये राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. तेव्हा पावर हाउसच्या बाजारपेठेत मराठी बोल कानी पडले, तर त्यात नवल वाटावयास नको. ह्याच परिसरात पोलादाचा प्रचंड कारखाना उभा आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी तत्कालीन सोव्हिएट संघाशी त्यासाठी करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

भिलाईचे नाव निघाले म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे रूळ आणि पोलादी पत्रे उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु झोतभट्टीच्या आधी कोकभट्टी येते. दगडी कोळसा हवेचा स्पर्श होऊ न देता भाजला म्हणजे कोक मागे राहतो, आणि जे उडून जाते ते थंड केले म्हणजे काळे, चिकट, उग्र वासाचे डांबर हाती येते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील वायुनिर्मितीच्या कारखान्यांना ह्या डांबराचे काय करावे हेच कळत नसे. ते नद्यांत सोडले जाई, नाहीतर जाळले जाई. 1856 मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने डांबरातून निघणाऱ्या ॲनिलिनापासून जांभळा रंग बनविला, आणि ह्या घाणीकडे पाहण्याची जगाची दृष्टी पालटली. भिलाईच्या कोकभट्ट्यांतूनही बेंझॉल, नॅफ्थॅलीन, अमोनियम सल्फेट असे पदार्थ वेगळे काढून विकले जातात. घरोघरी कपड्यांच्या पेटीत ठेवल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्या म्हणजे हेच नॅफ्थॅलीन होय.

डांबरातील ह्या पदार्थांचे रेणू वलयाकार असतात, हे 1865 मध्ये केकुलेने सुचविले, आणि शाळेतील विद्यार्थ्यालाही बेंझिनाचा षट्कोन आता ओळखीचा असतो. पण बेंझिनाचे वलय इतके लहान, की त्याच्या पोटात दुसरे काहीच मावत नाही. कर्बाचे सहा अणू एकमेकांना बिलगून बसलेले. मधे बोट शिरकवावयास जागा नाही. येथे ज्या वलयांची कथा सांगावयाची आहे ती ह्याहून मोठी आहेत. त्यांच्या मध्यभागी खरोखरीची पोकळी असते आणि त्या पोकळीत दुसरा एखादा अणू, आयन किंवा रेणू येऊन बसतो. रसायनशास्त्रज्ञ वलयाला यजमान म्हणतात आणि आत येणाऱ्याला अतिथी. ही उपमा विशेष चांगली साधली आहे; कारण यजमान आणि अतिथी यांच्यात रासायनिक बंधाचे लग्न लागलेले नसते. अतिथी येतो, काही काळ राहतो, आणि परिस्थिती बदलली की उठून जातो. मात्र हे यजमान सर्वांना दार उघडीत नाहीत. ते अतिथीचे माप घेतात.

निसर्गाने ही युक्ती फार पूर्वी साधली आहे. रक्ताला लाली देणाऱ्या हीममध्ये पॉर्फिरीन नावाचे वलय असते आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो. पानाला हिरवेपणा देणाऱ्या हरितद्रव्यात जवळजवळ तशाच वलयात मॅग्नेशियम बसलेले असते. ह्या दोहोंच्या रचनेवरील कामाबद्दल जर्मनीच्या हान्स फिशरला 1930 चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या हातून जी वलये निर्माण झाली त्यांचा इतिहास ह्याहून कमी भव्य आहे, परंतु अधिक गमतीचा आहे. त्यांपैकी बहुतेक सारी गाळात, मळीत किंवा तडकलेल्या भांड्याच्या तळाशी सापडलेली आहेत.

तडकलेल्या भांड्याची गोष्ट 1928 सालची, स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथील. नॅफ्थॅलिनापासून बनणाऱ्या थॅलिक ॲनहायड्राइडवर अमोनियाची क्रिया करून तेथील रंगांच्या कारखान्यात एक पांढरा पदार्थ तयार करीत. लोखंडी पात्राच्या आतील काचेच्या मुलाम्याला चीर गेली, माल उघड्या लोखंडाला लागला आणि पांढऱ्या पदार्थात निळसर डाग दिसू लागले. माल बिघडला म्हणून तो फेकून देणे अगदी सोपे होते. पण तेथील मंडळींनी तो निळा पदार्थ वेगळा केला. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील लिन्स्टेडने त्याची रचना उलगडून 1934 मध्ये प्रसिद्ध केली. ते वलय हीममधील वलयाचे चुलत भावंड निघाले, आणि त्याच्या मध्यभागी पात्रातले लोखंड जाऊन बसले होते. लोखंडाऐवजी तांबे घातले असता जो निळा रंग मिळतो तो आजही छपाईच्या शाईत आणि रंगलेपात वापरला जातो. मात्र येथे धातू वलयात इतका घट्ट रुतलेला असतो, की त्याला अतिथी म्हणावे की घरजावई, असा प्रश्न पडावा.

खऱ्या अर्थाने पाहुणचार करणारे पहिले वलय स्टार्चमधून निघाले. पॅरिसमधील ए. व्हिलिए हे बटाट्याच्या स्टार्चवर जिवाणूंची क्रिया कशी होते याचा अभ्यास करीत होते. 1891 मध्ये त्यांनी नोंदविले, की एक हजार ग्रॅम स्टार्चमधून सुमारे तीन ग्रॅम स्फटिकरूप पदार्थ मागे राहतो. हजारांत तीन! कोणत्याही हिशेबनिसाने ही रक्कम किरकोळ म्हणून सोडून दिली असती. व्हिलिएंनी तिला सेल्युलोसीन असे नाव दिले आणि विषय तेथेच थांबला. पुढे व्हिएन्नात अन्न नासविणाऱ्या जिवाणूंचा शोध घेताना फ्रान्ट्स शार्डिंगर यांना 1903 ते 1911 या काळात तेच स्फटिक पुन्हा भेटले. त्यांनी ते दोन प्रकारचे आहेत हे ओळखले आणि आयोडीन टाकले असता दोघांचे रंग निरनिराळे येतात हेही दाखविले. स्टार्चवर आयोडीन टाकले की निळा रंग येतो, हा प्रयोग आपल्याकडे शाळेत करून दाखवितात. स्टार्चच्या नागमोडी साखळीच्या पोकळीत आयोडीन शिरून बसते म्हणून तो रंग दिसतो. शार्डिंगर यांच्या स्फटिकांतही अशीच पोकळी होती. फक्त साखळीची दोन टोके जुळून तिचे कडे झाले होते.

ग्लुकोजचे सहा, सात किंवा आठ मणी ओवून झालेल्या ह्या कड्यांना आज सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. त्यांचा आकार बूड काढलेल्या लहानशा बादलीसारखा असतो. बाहेरचा भाग पाण्याशी सलगी करणारा, तर आतला भाग पाण्याशी फटकून वागणारा. त्यामुळे जे औषध पाण्यात विरघळावयास तयार नसते ते बादलीत जाऊन बसते, आणि बादली पाण्यात विरघळते. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले तर त्यातील एका भागाला अँगस्ट्रॉम म्हणतात. सहा मण्यांच्या बादलीचे तोंड साधारण पाच, सातांचे सहा आणि आठांचे आठ अँगस्ट्रॉम रुंद असते. अशा कड्यात औषधे सुरक्षित ठेवता येतील, ह्या कल्पनेवर फ्रॉइडेनबर्ग, क्रामर आणि प्लीनिंगर या जर्मन शास्त्रज्ञांनी 1953 मध्ये पेटंट मिळविले. परंतु 1957 मध्ये एका समीक्षालेखात, कोठेही प्रसिद्ध न झालेल्या एका प्रयोगाच्या हवाल्याने, हा पदार्थ खाणारे उंदीर मेल्याचा उल्लेख आला, आणि पुढे कित्येक वर्षे औषधांचे कारखानदार त्याच्यापासून दूर राहिले. नस्तीत कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेला शेरा पुढच्या दहा अधिकाऱ्यांना कसा बांधून ठेवतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्यात काही अपरिचित वाटणार नाही. शुद्ध पदार्थावर नव्याने रीतसर परीक्षा झाल्या तेव्हा कोठे तोंडावाटे घेतल्यास तो निरुपद्रवी असल्याचे ठरले. 1976 मध्ये जपानात ह्या वलयात बसविलेले पहिले औषध बाजारात आले. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू शिथिल करण्यासाठी जे रोक्युरोनियम टोचतात, त्याला रक्तातच गाठून आपल्या पोटात घेणारे आणि रोग्याचा श्वास पूर्ववत चालू करून देणारे सुगामाडेक्स हेही आठ मण्यांच्या ह्याच कड्याचे सुधारलेले रूप आहे. युरोपात त्याला 2008 मध्ये परवानगी मिळाली.

तथापि ह्या शास्त्राला शास्त्र म्हणून उभे केले ते दुसऱ्याच एका वलयाने, आणि ते सापडले एका निवृत्तीकडे झुकलेल्या नोकरदाराला. चार्ल्स पेडरसन यांचा जन्म 1904 मध्ये कोरियातील पुसान येथे झाला. वडील नॉर्वेचे सागरी अभियंता, आई जपानी. मुलाचे शिक्षण नागासाकी आणि योकोहामा येथे झाले आणि 1922 मध्ये तो अमेरिकेस गेला. पेडरसन यांनी एम. एस्सी.च्या तोडीची पदवी घेतली, पण डॉक्टरेट कधीच केली नाही. 1927 मध्ये ते ड्यू पाँ ह्या रसायनांच्या कंपनीत रुजू झाले आणि सेवानिवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. ज्या वर्षी त्यांच्या हातून हा शोध लागला त्या 1962 साली त्यांचे वय अठ्ठावन्न होण्याच्या बेतात होते. आपल्या कचेऱ्यांतून त्या वयाचा माणूस निवृत्तिवेतनाचे कागद गोळा करीत असतो.

त्यांना व्हॅनेडियम ह्या धातूला जखडणारा एक पदार्थ बनवावयाचा होता. त्यासाठी त्यांनी कॅटेकॉलपासून आरंभ केला. कॅटेकॉल हे नाव परके वाटते; पण त्याचे मूळ आपल्या विड्यात आहे. खैराच्या लाकडापासून काढलेल्या कातापासून हा पदार्थ एकोणिसाव्या शतकात प्रथम मिळविण्यात आला, म्हणून कातावरून त्याचे नाव पडले. कोकणातील कातकरी ज्या व्यवसायामुळे कातकरी म्हणविले गेले, त्याच व्यवसायाच्या मालावरून. कॅटेकॉलला दोन हात असतात. त्यांपैकी एक हात बांधून ठेवून दुसऱ्याने काम करवून घ्यावे, असा पेडरसन यांचा बेत होता. पण हात बांधण्याची क्रिया पूर्ण झाली नव्हती. दहा टक्क्यांच्या आसपास कॅटेकॉल मोकळेच राहिले होते. हे माहीत असूनही त्यांनी ते मिश्रण तसेच पुढे वापरले. हाती आला तो तपकिरी चिकट गाळ. त्या गाळात रेशमासारखे तंतुमय पांढरे स्फटिक चमकत होते, आणि त्यांचे प्रमाण होते शेकडा शून्य दशांश चार.

पेडरसन यांचे खरे मोठेपण पुढच्या दोन-तीन दिवसांत आहे. हवा असलेला पदार्थ शुद्ध करावयाचे सोडून ते ह्या नको असलेल्या स्फटिकांच्या मागे लागले. मेथिल अल्कोहॉलमध्ये ते जेमतेम विरघळत. पण त्यात कॉस्टिक सोडा टाकताच ते झरझर विरघळले. सोड्याच्या अल्कलीचा हा गुण असेल, असे प्रथम वाटले. म्हणून त्यांनी अल्कली नसलेले सोडियमचे साधे लवण घालून पाहिले, तरी तोच परिणाम. म्हणजे काम सोडियमचे होते. पुढे रेणुभार काढला, तो अपेक्षित 180 च्या जागी त्याच्या दुप्पट, 360 भरला. दोन मोकळे हात असलेल्या कॅटेकॉलच्या रेणूंनी एकमेकांना धरून अठरा अणूंचे कडे केले होते. त्यात सहा ऑक्सिजन अणू आतल्या बाजूस तोंड करून बसले होते आणि धन विद्युत्भाराचा आयन त्यांच्या मधोमध येऊन विसावत होता. सोडियमसारख्या धातूंच्या आयनांना विद्युत्भार नसलेला सेंद्रिय रेणू असे कवेत घेऊ शकतो, ही गोष्ट तोवर रसायनशास्त्रज्ञांच्या फारशी कल्पनेतही नव्हती. रेणूची प्रतिकृती करून पाहिली असता आयनाच्या डोक्यावर मुकुट चढविल्यासारखा दिसला, म्हणून पेडरसन यांनी त्याला क्राउन ईथर म्हटले. 1967 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

ह्या कड्याचे मापाचे गणित मोठे उद्बोधक आहे. अठरा अणूंच्या कड्याची पोकळी सुमारे 2.6 ते 3.2 अँगस्ट्रॉम रुंद असते. पोटॅशियमचा आयन 2.66 अँगस्ट्रॉमचा, तो नेमका बसतो. सोडियमचा 1.90 चा, तो आत खुळखुळतो. सीझियमचा 3.38 चा; त्याला दार अपुरे पडते, त्यासाठी एकवीस अणूंचे कडे लागते. मुकुट चढविलेले पोटॅशियम परमँगनेट बेंझिनातही विरघळते. विहिरीत टाकावयाचे ते जांभळे पोटॅश आणि कोकभट्टीतील ते निर्मळ बेंझीन एरवी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. क्राउन ईथरचा चिमूटभर अंश घातला की सारे बेंझीन जांभळे होते. फ्रान्सचे झाँ-मारी लेन यांनी 1969 मध्ये ह्या कड्याला तिसरी बाजू जोडून त्याचा पिंजरा केला, अमेरिकेचे डोनाल्ड क्रॅम यांनी आधीपासूनच घट्ट घडविलेले यजमान तयार केले, आणि 1987 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ह्या तिघांना मिळून देण्यात आले. पेडरसन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते आणि अस्थिमज्जेच्या कर्करोगाने आजारी होते. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर 1989 मध्ये, त्यांचे निधन झाले.

भिलाईच्या कारखान्याला जशी सोव्हिएट संघाची मदत झाली, तशीच ती मुंबईजवळ पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेलाही झाली. झोतभट्टीचे उद्घाटन झाल्यावर जेमतेम महिन्याने, 10 मार्च 1959 रोजी, पंतप्रधान नेहरूंनी तिची कोनशिला बसविली. ह्या संस्थेत वैश्लेषिक रसायनाचे अध्यापन करणारे प्रा. श्री. मो. खोपकर यांचा विद्रावकांच्या साहाय्याने धातू वेगळे करण्याच्या विद्येत मोठा अधिकार होता. अनिलकुमार डे आणि चामर्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा त्या विषयावरील इंग्रजी ग्रंथ 1970 मध्येच प्रसिद्ध झाला होता. 1980 नंतरच्या दशकात खोपकर आणि त्यांचे विद्यार्थी क्राउन ईथरकडे वळले. एकमेकांपासून विभक्त करावयास कठीण असे पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम यांसारखे धातू मुकुटाच्या मापाने निवडून कसे काढावेत, ह्यावर त्यांनी निबंधांमागून निबंध लिहिले. त्यांचे विद्यार्थी प्रा. बी. एस. मोहिते यांनी हेच काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पुढे चालविले. तेथे क्राउन ईथरची साखळी करून ती काचेच्या नळीत भरली जाई आणि धातूंचा विद्राव वरून ओतून एकेक धातू खाली वेगळा उतरवून घेतला जाई. ह्या कामाला वर्तमानपत्रांतून प्रसिद्धी मिळण्यासारखे त्यात काही नव्हते. पण पवई आणि कोल्हापूर येथे शिकलेल्या मराठी मुलांना वलयाचे माप आणि अतिथीचे माप यांचा हिशेब तोंडपाठ झाला, हा लाभ लहान म्हणता येणार नाही.

ह्या हिशेबाची खरी कसोटी लागावयाची होती ती तुर्भे, अर्थात ट्रॉम्बे येथे. तेथील प्लुटोनियम संयंत्राचे उद्घाटन 22 जानेवारी 1965 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी केले. अणुभट्टीत जळलेल्या युरेनियमच्या कांड्या नायट्रिक आम्लात विरघळवून त्यांतून प्लुटोनियम काढून घ्यावयाचे, हे तेथील काम. काढून घेतल्यावर जे उरते ते अतिशय किरणोत्सर्गी आम्ल असते. युरेनियमच्या शंभर अणूंचे विखंडन झाले तर सुमारे सहा वेळा सीझियम-137 ची उत्पत्ती होते. त्याचे अर्धायुष्य तीस वर्षांचे; म्हणजे ते इतके अल्पजीवी नाही की काही महिने थांबून सुटका व्हावी, आणि इतके दीर्घजीवीही नाही की त्याचा मारा मंद असावा. एका पिढीने केलेले ओझे पुढच्या दहा पिढ्यांनी राखण करीत बसावे, अशी ही वस्तू. हा टाकाऊ द्रव काचेत ओतून गोठवावा, ही रूढ रीत आहे. पण वितळत्या काचेच्या उष्णतेने सीझियमची वाफ होऊ लागते आणि ती अडविणे हे एक वेगळेच काम होऊन बसते.

सीझियम आधीच वेगळे काढावे, तर त्याचे आयन थोडे आणि सोडियमचे अगणित. दोघेही एकाच वंशाचे, दोघांचाही विद्युत्भार एकच. येथे आणखी एका जुन्या गाळातून निघालेले वलय उपयोगी पडले. 1872 मध्ये जर्मनीत बायरने फिनॉल आणि आल्डिहाइड यांची क्रिया करून पाहिली तेव्हा हाती आलेल्या राळेसारख्या गोळ्याचे काय करावे हे त्याला कळेना. बेकलंडने पुढे त्याच गोळ्यातून बेकेलाइट बनविले. 1940 नंतर ऑस्ट्रियात त्सिंके यांनी फिनॉलचाच एक प्रकार घेऊन केलेल्या क्रियेत वलये होतात असे दाखविले, आणि अमेरिकेतील गुटशे यांनी 1978 मध्ये त्यांना कॅलिक्सारीन हे नाव दिले; कारण चार फिनॉलांचे हे वलय जुन्या ग्रीक चषकासारखे दिसते. ह्या चषकाच्या तोंडावर क्राउन ईथरचा पूल बांधला म्हणजे कॅलिक्स-क्राउन तयार होते. इटली, हॉलंड आणि फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी 1990 नंतरच्या दशकात सिद्ध केले, की ह्याचा एक विशिष्ट प्रकार सोडियमकडे ढुंकूनही पाहत नाही आणि सीझियमला मात्र घट्ट धरतो. ह्याची कारणे दोन. सोडियमचा आयन लहान असून आपल्याभोवतीचे पाणी सोडावयास तो तयार नसतो. सीझियमचा मोठा आयन ते सहज सोडतो. शिवाय पुलाच्या सहा ऑक्सिजन अणूंबरोबरच चषकाच्या दोन बाजूंची बेंझिनवलये आपला इलेक्ट्रॉनांचा मऊ ढग सीझियमला टेकू म्हणून देतात. ज्या बेंझिनवलयाच्या पोटात काही मावत नव्हते, ते येथे भिंत म्हणून कामी आले.

भाभा अणुसंशोधन केंद्रातील रसायनशास्त्रज्ञांनी हे संयुग देशातच तयार करविले, डोडेकेन आणि आयसोडेसिल अल्कोहॉल यांच्या मिश्रणात ते अल्प प्रमाणात विरघळविले, आणि तुर्भे येथील खरोखरीच्या टाकाऊ द्रवाशी ते घुसळले. ताक घुसळून लोणी वर यावे तसे सीझियम तेलकट थरात येते. हा थर वेगळा करून जवळजवळ निव्वळ पाण्याशी, अगदी सौम्य आम्लाशी, पुन्हा घुसळला की वलय आपल्या अतिथीला निरोप देते. सीझियम पाण्यात उतरते आणि रिकामे झालेले वलय पुढच्या फेरीस जाते. अमेरिकेत सव्हाना रिव्हर येथे 2008 पासून अल्कलीयुक्त टाकाऊ द्रवावर असेच संयुग वापरले जाऊ लागले. पण तेथे वेगळे काढलेले सीझियम पुन्हा काचेत गाडण्यासाठी जाते. तुर्भे येथे ते वापरण्यासाठी काढले गेले, आणि हा फरक क्षुल्लक नाही.

त्या वापराचा संबंध रक्तपेढीशी आहे. दिलेल्या रक्तात दात्याच्या लसिका-पेशी जिवंत असतात. सामान्य रोग्याचे शरीर त्यांना परके समजून नष्ट करते. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, किंवा ज्याच्या अस्थिमज्जेचे रोपण झाले आहे, त्याच्या शरीरात त्या पेशी मूळ धरतात आणि यजमानावरच उलटतात. असा प्रसंग ओढवला तर शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी दगावतात. सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी, की रक्त जितक्या जवळच्या नातेवाइकाचे तितका हा धोका अधिक. कारण आई, मुलगा किंवा भाऊ यांच्या पेशी रोग्याच्या शरीराला परक्या वाटतच नाहीत. आपल्याकडे तर घरचा माणूस आजारी पडला म्हणजे घरच्याच माणसाने बाही वर करून पुढे व्हावे, ही रीत. त्या मायेच्या रक्तालाच आधी किरणांतून न्यावे लागते. 25 ग्रे एवढा गॅमा किरणांचा मारा पिशवीवर केला, की लसिका-पेशींची वाढण्याची शक्ती संपते आणि लाल पेशींचे फारसे नुकसान होत नाही.

हे किरण सीझियम-137 पासून मिळतात. कोबाल्ट-60 पासूनही मिळतात, पण त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे असल्याने तो वरचेवर बदलावा लागतो, आणि त्याचे किरण अधिक भेदक असल्याने शिशाची भिंतही जाड लागते. जगात सीझियमची साधने बहुधा क्लोराइडच्या भुकटीची असत, आणि ती भुकटी मिठासारखी पाण्यात विरघळते. तिचा धोका किती भयानक असतो हे सप्टेंबर 1987 मध्ये ब्राझीलमधील गोइयानिया शहरात दिसून आले. सोडून दिलेल्या एका रुग्णालयातील यंत्र भंगारासाठी फोडण्यात आले. आतली भुकटी अंधारात निळी चकाकते म्हणून लोकांनी ती कुतूहलाने घरी नेली, अंगाला लावली. चार माणसे मेली, आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. त्यानंतर महिनाभरातच पेडरसन यांच्या नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली. वलय आणि सीझियम यांची ही दोन वृत्ते त्या वेळी कोणी शेजारी ठेवून वाचली असतील, असे वाटत नाही.

तुर्भे येथे वेगळे काढलेले सीझियम भुकटीच्या रूपात ठेवलेच जात नाही. ते काचेत मिसळून वितळवितात आणि गंज न चढणाऱ्या पोलादाच्या नळीत ओतून त्याच्या पेन्सिली करतात. काच फुटली तरी तिचे तुकडे होतात. ती उडत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. अशा पेन्सिली बसविलेली रक्तकिरणन यंत्रे गेल्या दशकापासून आपल्या देशात तयार होऊ लागली आहेत. क्ष-किरणांच्या यंत्रानेही हे काम होते, आणि काही देशांनी सीझियम पूर्णपणे सोडून तोच मार्ग धरला आहे. त्यांच्या सावधगिरीला दोष देता येणार नाही. पण क्ष-किरणांच्या यंत्राला अखंड वीज लागते आणि त्याची नळी झिजते. सीझियमला ह्यांपैकी कशाचीच गरज नसते. शिवाय सीझियम वापरले नाही म्हणून ते नाहीसे होत नाही. तुर्भ्याच्या टाकीत ते असतेच.

पेन्सिल ओतल्यापासून तीस वर्षांनी तिचे तेज निम्मे होते, साठ वर्षांनी चौथाई. दर वर्षी ते सुमारे सव्वादोन टक्क्यांनी उतरते, आणि तेवढ्या प्रमाणात रक्ताची पिशवी यंत्रात अधिक वेळ ठेवावी लागते. म्हणून यंत्राशेजारी वेळेचे एक कोष्टक असते, आणि ठरावीक मुदतीने त्यातील आकडे वाढवून ते पुन्हा लिहावे लागते.